त्रेसष्टचा आकडा

पानं चारशे सोळा. प्रकरणं अकरा. तळटीपा नऊशे बासष्ट. शेवटच्या सूचीत लेखकांची नावं दोनशे सात. त्या दोनशे सात नावांत मामांचं नाव नव्हतं.

"परत बघ," मामा म्हणाले.

"दोनदा बघितलं."

"आडनावानं बघितलंस की नावानं?"

"दोन्हीनं. 'फादर' खालीसुद्धा बघितलं."

"ऋणनिर्देशात?"

ऋणनिर्देश दीड पानाचा होता. त्यात लेखकाचे आईवडील होते, दोन बिशप होते, एक ग्रंथपाल, एक टंकलेखिका आणि कागदांवर येऊन बसणारं एक मांजर होतं. 'माझ्या सर्व शिक्षकांचा मी ऋणी आहे' असं एक वाक्य होतं. ते मी वाचून दाखवलं.

"सर्व," मामा म्हणाले. "म्हणजे त्यात कवायतीचे मास्तरही आले."

मामा हे माझ्या आईचे थोरले भाऊ. घरात आम्ही त्यांना फादरमामा म्हणतो. धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलांच्या सेमिनरीत ते एकतीस वर्षं नैतिक ईशज्ञान शिकवत होते. म्हणजे माणसानं केलेली गोष्ट चूक की बरोबर, आणि चूक असेल तर किती. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. दारातून कुणीतरी आलं हे कळतं, पण चेहरा कळत नाही. पान दिसतं, अक्षर दिसत नाही. माझं जीवशास्त्रात एम.एस्सी. झालं होतं आणि पुढचं काही ठरलं नव्हतं. "घरात बसून छताकडे बघण्यापेक्षा मामाला वाचून दाखव," असं म्हणून आईनं मला पाठवलं. मी रोज साडेनऊच्या बसनं जात असे.

हे हस्तलिखित बिशपांच्या कार्यालयातून आलं होतं. असं पाठ्यपुस्तक छापण्याआधी एका तपासनिसाकडे जातं. तपासनिसाचं नाव लेखकाला कळवत नाहीत. त्यानं एवढंच बघायचं की पुस्तकात श्रद्धेला किंवा नीतीला बाधक असं काही आहे का. नसेल तर सोबतच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं दोन शब्द लिहायचे, 'हरकत नाही', आणि खाली सही करायची. त्या दोन शब्दांशिवाय पुस्तक छापखान्यात जात नाही. मुदत तीस दिवसांची. मामा अठरा वर्षं तपासनीस होते, आणि त्यामुळे रोजच्या बोलण्यात ते हे दोन शब्द कधी वापरत नसत. चहात साखर कमी पडली तर ते "चालेल" म्हणत.

लेखक मामांचा विद्यार्थी होता. सेमिनरीत असताना तो सतत मामांच्या मागे मागे असे. वर्गातून ग्रंथालयात, ग्रंथालयातून जेवणघरात. म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत, आणि मामाही. आता शेपूट सत्तेचाळीस वर्षांचा होता, मोठ्या विद्यापीठात शिकवत होता, आणि हे पुस्तक निघालं की विभागप्रमुख होणार होता.

मामांचंही एक पुस्तक होतं. म्हणजे होणार होतं. बत्तीस वर्षं ते त्याची कार्डं लिहीत होते. लोखंडी कपाटाचे आठ खण त्या कार्डांनी भरले होते. पुस्तक पुढे सरकत नसे, कारण मामा कुठलंही वाक्य अपवाद नोंदवल्याशिवाय सोडत नसत, आणि अपवाद ते कंसात घालत. बोलतानाही. ते "खोटं बोलू नये" म्हणाले की लगेच दोन्ही हातांनी हवेत कंस काढत आणि आत पाच मिनिटं बोलत. विद्यार्थी त्यांना कंसमामा म्हणत. मी खरोखरच त्यांची भाची आहे हे कळल्यावर एकानं मला विचारलं होतं, "मग तुम्ही आठव्या का?"

आपल्या भाषेत असं पुस्तक पन्नास वर्षांत एखादंच छापतात. शेपटाचं छापलं गेलं की मामांचं छापायला कारण उरणार नव्हतं. हे मामांनी मला सांगितलं नाही. हस्तलिखित आलं त्या दिवशी त्यांनी खुर्ची उचलून कपाटाकडे पाठ येईल अशी ठेवली, त्यावरून मला कळलं.

"मामा, तुम्ही हे परत पाठवायला हवं," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "आमच्याकडे ओळखीच्या माणसाचा शोधनिबंध तपासायला आला तर आधी तसं सांगावं लागतं."

"आमच्याकडे हा नियम तुमची प्रयोगशाळा नव्हती तेव्हापासून आहे," मामा म्हणाले. "ज्याचे हितसंबंध गुंतलेत त्यानं न्याय करू नये. तिसऱ्या वर्षाला शिकवतो मी."

"मग?"

"मग काय? नियम मला माहीत आहे. पान एक, वाच."

मी वाचू लागले. खरं सांगायचं तर मलाही परत पाठवायचं नव्हतं. माझ्या प्रयोगशाळेत मी चौदा महिने खपून काढलेला आलेख माझ्या मार्गदर्शकांच्या निबंधात छापून आला होता, आणि माझं नाव शेवटच्या ओळीत होतं, उपकरणं पुसणाऱ्या माणसाच्या नंतर. शेपटाला मी तेव्हा पाहिलेलंही नव्हतं, पण त्याला कुठेतरी पकडावं असं मला पहिल्या पानापासून वाटत होतं.

मामा सांगत ते आक्षेप मी वहीत टिपत होते. पहिल्या सहा दिवसांत एकशे तीस झाले. त्यांतले एकशे अठरा स्वल्पविरामांवर होते. उरलेल्या बारांपैकी नऊ मामांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडायला लावले. "नाही, बरोबर आहे त्याचं," असं ते म्हणत, आणि म्हणताना औषध घेतल्यासारखं तोंड करत.

सगळ्यात वाईट म्हणजे पुस्तक चांगलं होतं. वाक्यं छोटी होती. कंस नव्हते. मला या विषयातलं काही कळत नव्हतं, तरी मी दोनदा पुढचं पान मामांनी सांगायच्या आधीच उलटलं. मामांच्या ते लक्षात आलं.

"आवडतंय वाटतं?"

"वाचायला सोपं आहे."

"सोपं असणारच. अवघड होतं ते इथं ठेवून गेला ना," मामा म्हणाले आणि मागे न बघता अंगठ्यानं कपाट दाखवलं.

स्वयंपाकघरातल्या मावशी अकरा वाजता चहा आणत. त्या सेमिनरीत मामांच्याही आधीपासून होत्या. टेबलावरचा गठ्ठा बघून त्यांनी विचारलं, "झालं वाटतं फादर तुमचं पुस्तक? छापायला चाललं?"

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाचं आहे, मावशी."

"मेलं ते," मावशी म्हणाल्या. "लोक लिहितात तरी किती."

बाराव्या दिवशी आम्ही सातव्या प्रकरणाला आलो. प्रकरण मत्सरावर होतं. मी शीर्षक वाचलं आणि थांबले.

"थांबतेस का? वाच. माझाच विषय आहे," मामा म्हणाले. मग स्वतःच बोलत राहिले. "हेवा वेगळा आणि मत्सर वेगळा, हे लिहिलंय का त्यानं? त्याच्याकडे आहे ते मलाही हवं, हा हेवा. त्यानं माणूस कामाला तरी लागतो. त्याच्याकडे आहे ते त्याच्याकडे नको, मग मला नाही मिळालं तरी चालेल, हा मत्सर. लोक पापांची कबुली द्यायला येतात. राग सांगतात, लोभ सांगतात, बाकीचं तर मिटक्या मारत सांगतात. मत्सर कुणी सांगत नाही."

"तुम्ही कबुलीतलं बाहेर सांगू शकता?"

"ऐकलेलं सांगायला बंदी आहे. न ऐकलेलं सांगायला नाही," मामा म्हणाले. तेवढ्यापुरते ते खूश झाले.

पान दोनशे एकावन्नवर दुसरा परिच्छेद असा होता:

'परंपरेने असे सांगितले जाते की, मत्सराचा विचार मूळ ग्रंथाच्या त्रेसष्टाव्या प्रश्नात यावा हे योग्यच आहे. ३६ या आकड्यात तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. ते शत्रू आहेत, आणि शत्रूकडे माणसाला बघावेसेच वाटत नाही. ६३ मध्ये ते तोंडाला तोंड करून बसतात. मत्सर असा असतो. तो परक्याचा होत नाही. ज्याच्यावरून आपली नजर हलत नाही, त्याचाच होतो.'

"परत वाच."

मी परत वाचलं.

"पहिले शब्द काय?"

"परंपरेने असे सांगितले जाते."

"परंपरा!" मामा उठून उभे राहिले. गुडघा टेबलाला लागला आणि चहाचा कप कलंडला. "परंपरा म्हणजे मी! मी सांगितलं हे. पहिल्या वर्षी, मंगळवारी, तिसऱ्या तासाला. पोरं पेंगत होती. मी फळ्यावर त्रेसष्ट लिहिलं आणि सुचलं. तिथल्या तिथं सुचलं! फळ्याकडे बघून! तेव्हा हा शेपूट जन्मला होता की नाही..." त्यांनी मनात हिशेब केला. "जन्मला होता. पण शाळेत होता."

मी कप उचलला. टेबल पुसलं. एकतीस वर्षं ते दर वर्षी हा परिच्छेद वर्गात बोलत आले होते. त्यांच्या चक्रमुद्रित नोट्समध्येही तो होता. विद्यार्थी बाकी सगळं विसरत, त्रेसष्ट विसरत नसत.

त्याच दुपारी मी ग्रंथालयात गेले. मूळ ग्रंथ म्हणजे त्यांच्या विषयाचा जुना लॅटिन ग्रंथ. त्यातले प्रश्न क्रमांकानं ओळखतात. शेपटाच्या तळटीपा मी दहातली एक अशा पडताळत होते, पण मत्सराच्या प्रकरणातल्या सगळ्या बघायच्या असं मी ठरवलं होतं. मला लॅटिन येत नाही. ग्रंथपाल सिस्टरना येतं. त्यांनी खंड उघडला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "त्रेसष्टावा प्रश्न मत्सरावर नाही गं. पक्षपातावर आहे. म्हणजे न्याय देणाऱ्यानं समोरचा माणूस कोण ते बघून निकाल देणं."

"मग मत्सर कुठं आहे?"

त्यांनी पानं मागं उलटली. "हा बघ. छत्तीस."

सापडला, असं मला वाटलं. अगदी तोंडात आलं. जिना चढताना मी दोन दोन पायऱ्या चढत होते. मग मधल्या वळणावर माझ्या लक्षात आलं की मामांच्या फळ्यावरही त्रेसष्टच होतं, आणि मी खोलीत न जाता खाली परत आले.

ग्रंथालयात मामांच्या नोट्सचा एक संच बांधून ठेवला होता. त्यात ६३ होतं. दुसऱ्या दिवशी मामा डॉक्टरांकडे गेले असताना मी कपाटाचा चौथा खण उघडून 'मत्सर' लिहिलेलं कार्ड काढलं. त्यावर मामांच्या तरुणपणच्या अक्षरात, निळ्या शाईत, स्वच्छ ३६ होतं. म्हणजे पहिल्या वर्षी कार्डावरून नोट्स उतरवताना त्यांच्या हातून दोन अंकांची अदलाबदल झाली होती. मग नोट्सवरून त्यांनी फळ्यावर लिहिलं, आणि फळ्याकडे बघून त्यांना ते सुचलं.

माझ्या विषयात दोन जीव एकमेकांचे नातलग आहेत का हे शोधायचं असेल तर चांगले गुण बघत नाहीत. चांगला गुण दोघांना वेगवेगळा मिळू शकतो. दोघांत एकच चूक एकाच जागी सापडली तर पूर्वज एक, असं धरतात. शेपटाचं पुस्तक मामांपासून आलं याचा पुरावा आता माझ्याकडे होता. तो मामांना दाखवायचा तर मामांची चूक दाखवावी लागणार होती. मी कार्ड माझ्या वहीत ठेवलं आणि गप्प बसले.

विसाव्या दिवशी शेपूट स्वतः आला.

मावशीच धावत सांगायला आल्या. "शेपूट आलंय! केस पिकले की हो त्याचे!" मी हस्तलिखित उचलून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात सारलं. मामांनी कॉलर सारखी केली.

मला तो आवडायला नको होता. तो उंच, वाकून चालणारा, हसरा माणूस होता. मामांच्या पुढ्यात त्यानं खुर्ची घेतली नाही, स्टूल घेतलं. आणि समोर न ठेवता थोडं बाजूला ठेवून त्यावर बसला.

"इथं दिसतो ना सर? मधलं दिसत नाही म्हणाली ही माणसं. डॉक्टरांना विचारून आलो, कुठल्या कोनात बसायचं ते."

"दिसतोस. जाड झालायस."

"विद्यापीठाचं खाणं." त्यानं पिशवीतून एक दिव्याचं भिंग काढलं, स्टँडवर बसवलेलं. "हे पानावर ठेवायचं. एका वेळी तीनच शब्द दिसतात, पण दिसतात. मी स्वतः डोळ्यांसमोर काळा कागद धरून बघितलं."

मामांनी भिंग हातात घेतलं, वजन केल्यासारखं. "चांगलं आहे," ते म्हणाले. "पुस्तक लिहिलंयस म्हणे."

"तुमच्या कानावर आलं का? अडकलंय, सर. तपासणीला गेलंय. कोणाकडे ते सांगत नाहीत. असेल कुणीतरी म्हातारा, स्वल्पविराम मोजत बसलेला."

मला खोकला आला. मामांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"घाई आहे का तुला?"

"पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. तोवर छापील प्रत हवी होती. जाऊ दे. तुम्हाला दाखवणारच होतो आधी, पण तुमचे डोळे असे. म्हटलं, त्रास कशाला." त्यानं कपाटाकडे बघितलं. "तुमचं कुठवर आलं, सर?"

"चाललंय."

"त्याची वाट बघतोय आम्ही सगळे. माझं काय, पोरांसाठी सोपं करून लिहिलंय. खरं पुस्तक तुमचंच."

तो हे मनापासून म्हणाला. मी नीट बघत होते; कुठे खोट सापडते का ते बघत होते. नव्हती. मामांनी भिंगाचा दिवा लावला, बंद केला, परत लावला.

"मत्सरावर लिहिलंयस का काही?" त्यांनी विचारलं.

"आख्खं प्रकरण! आणि त्यात ते घातलंय, त्रेसष्टचं. तोंडाला तोंड. आठवतं? माझी पोरं तर त्या एका परिच्छेदावर फिदा आहेत. मी खूप शोधलं, सर, मूळ कुणाचं ते. कुठं सापडेना. तुम्ही आम्हाला सांगितलंत, पण तुम्हाला तुमच्या आधीच्या सरांनी सांगितलं असणार, नाही का? असं काहीतरी फार जुनं वाटतं ते. कुणा एकाचं नसल्यासारखं."

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, नुसता हात वर केला. कंस काढताना करत तसाच, पण एकच.

"असेल," मामा म्हणाले.

जाताना तो मामांच्या पाया पडायला वाकला. मामांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. आशीर्वाद नेहमीपेक्षा लांबला नाही की आखूडही झाला नाही. तो गेल्यावर मामांनी भिंग खोक्यात घातलं आणि खोकं टेबलाखाली पायानं सरकवलं.

माझा संयम तिथंच संपला. "त्रेसष्ट चुकीचं आहे," मी म्हटलं.

"काय?"

"मत्सर त्रेसष्टात नाही. छत्तीसात आहे. सिस्टरनी दाखवलं मला. त्यानं मूळ ग्रंथ उघडूनसुद्धा बघितलेला नाही! नऊशे बासष्ट तळटीपा आणि ही एक बघितली नाही, कारण ती त्याला पाठच होती. आणि वर म्हणतो, परंपरा!"

मामांनी हात पुढे केला. "माझं कार्ड?"

"तुम्हाला कसं कळलं मी..."

"चौथा खण गेल्या आठवड्यात पूर्ण लागला नव्हता. ते दिसतं मला, कडेचं आहे ते. काय आहे कार्डावर?"

"छत्तीस."

"आणि नोट्समध्ये?"

मी कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. मामांनी मान हलवली. ते उठले, खिडकीशी गेले. खाली अंगणात पोरं चेंडू खेळत होती. ते तिथूनच म्हणाले, "म्हणजे फळ्यावर मी छत्तीस लिहिलं असतं तर मला ते सुचलंच नसतं."

दोन दिवसांनी आम्ही शेवटचं पान संपवलं. मामांनी दुरुस्त्यांचा कागद घ्यायला सांगितलं. हा कागद फॉर्मसोबत जातो. तपासनिसाचं नाव त्यावर नसतं. स्वल्पविराम त्यांनी सगळे सोडून दिले. सोळा दुरुस्त्या झाल्या.

"सतरावी," मामा म्हणाले. "पृष्ठ दोनशे एकावन्न, परिच्छेद दुसरा. संदर्भ चुकीचा. त्रेसष्टऐवजी छत्तीस. लिहिलंस?"

"नाही."

"का?"

"आकडा छत्तीस केला तर परिच्छेदच उरत नाही."

"उरत नाहीच. छत्तीस लिहून तोंडाला तोंड कसं म्हणणार? पुढं लिही, परिच्छेद गाळावा."

"मामा, त्यात नीतीला बाधक काही आहे?"

"नाही."

"श्रद्धेला?"

"नाही."

"मग ते तपासनिसाचं कामच नाही. तेवढंच बघायचं असतं, तुम्हीच म्हणालात."

"वकील व्हायचं होतंस तू," मामा म्हणाले. "उगीच बुरशी वाढवत बसलीस."

"राहू दे ना, मामा. चारशे सोळा पानांत तेवढंच तुमचं आहे."

"माझं आहे हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

मामा हसले नाहीत. "राहू द्यायला माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक, माझं काहीतरी छापलं जाईल. दुसरं, आज ना उद्या कुणीतरी मूळ ग्रंथ उघडेल आणि शेपटाची भर सभेत फजिती होईल. परवापासून मी तपासून बघतोय, यातलं खरं कारण कुठलं. कधी पहिलं वाटतं. पण बहुतेक वेळा दुसरं." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "आणि तो पाया पडला तेव्हाही दुसरंच होतं. हात डोक्यावर होता माझा."

"लिही," मामा म्हणाले.

मी लिहिलं. वाचून दाखवलं. त्यांनी 'गाळावा' पुढचा पूर्णविराम आहे ना, ते विचारलं.

"आता फॉर्म देऊ का सहीला?"

"मुदत किती उरलीय?"

"आठ दिवस."

"मग ठेव खणात. तिसाव्या दिवशी करू."

"आज केली तर त्याच्या मुलाखतीच्या आत प्रत..."

"तिसाव्या दिवशी केली तरी जेमतेम होईल. थोडा ताटकळू दे."

"हे कशात बसतं?"

"हलक्या पापात," मामा म्हणाले. "तेवढं मला परवडतं."

त्या आठ दिवसांत मी रोज साडेनऊच्या बसनं गेले. वाचायला दुसरं काही नव्हतं. मामांनी पान दोनशे एकावन्नवरचा दुसरा परिच्छेद मला अकरा वेळा वाचायला लावला. ते डोळे मिटून ऐकत. एकदा म्हणाले, "चांगलं आहे गं." एकदा म्हणाले, "'हलत नाही'च्या आधी मी 'काही केल्या' म्हणायचो. ते त्यानं काढलं. तेही बरं केलं." एकदा नुसतेच उठून ग्रंथालयात गेले, बांधलेला नोट्सचा संच मागून घेतला आणि सिस्टरच्या हातून त्या पानावर ६३ खोडून ३६ करवून घेतलं. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना त्यांनी वर्गात सांगितलं की एकतीस वर्षं आकडा चुकीचा होता. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मग ते तोंडाला तोंडचं काय?" मामा म्हणाले, "परीक्षेत लिहू नका."

तिसाव्या दिवशी सकाळी मी फॉर्म टेबलावर ठेवला. कडेनं दिसावा म्हणून थोडा डावीकडे सरकवला. दोन शब्द कुठल्या ओळीवर लिहायचे तिथं त्यांचं बोट टेकवून दिलं. सही कुठं, तिथंही टेकवून दिलं. मामांनी खिशातून पेन काढलं. मी काही मदत करू नये, बोलूही नये, असं त्यांनी सांगितलं. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

पेनाचं टोपण काढल्यापासून दोन शब्द आणि सही लिहून पूर्ण होईपर्यंत सहा मिनिटं वीस सेकंद लागले.